घरात असूनही घरात नसणाऱ्या आईबापांशी



सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या आईबापांबद्दल आजवर भरपूर लिहून झालं आहे. पाळणाघर, ट्रॅफिक, संध्याकाळी दमूनभागून उघडलेलं कुलूप, हे सगळं आपल्या ओळखीचं. मला आज बोलायचंय ते दुसऱ्या जमातीशी. घरातच बसून काम करणाऱ्यांशी, आणि त्यातही ज्यांचं काम डोक्यात चालतं, लॅपटॉप मिटला तरी बंद होत नाही, अशांशी. चित्रकार, अनुवादक, संशोधक, गाण्यांना चाली लावणारे, तुम्ही सगळे यात आलात. मी मुलांसाठी अद्भुतकथा लिहिते. आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या दक्षिणेला, काउंटी विकलोमधल्या समुद्राकाठच्या एका गावात आमचं बिऱ्हाड आहे. नवरा, थोरली लेक, धाकटा मुलगा आणि माझ्या कादंबऱ्यांतले राक्षस, जलपऱ्या, बोलके कावळे असे आम्ही सगळे एकाच छपराखाली नांदतो. छप्पर लहान आणि गर्दी जास्त, म्हणून हे हितगुज.

अद्भुतकथा लिहिणं बाहेरून फार मजेचं दिसतं. प्रत्यक्षात ते हिशेबाचं काम आहे. जादू लिहायची म्हटली की आधी तिचे कायदे ठरवावे लागतात: ती कोणाला येते, कशाने जाते, तिच्यासाठी काय गमवावं लागतं. एक कायदा बिनसला की पुढची प्रकरणं उसवत बसायचं. असलं गणित डोक्यात असताना माणूस भाजी फोडणीला टाकतो. मोहरी तडतडते, धाकटा शाळेतलं काहीतरी सांगत असतो, आणि आपण 'हं' म्हणतो. हा 'हं' मुलांना बरोबर ओळखू येतो. मग ती मुद्दाम म्हणतात, 'आणि मग टीचरला हत्तीने खाल्लं.' आपण पुन्हा 'हं' म्हणतो. परीक्षेचा निकाल तिथेच लागलेला असतो.

मला जे सांगायचंय ते थोडक्यात सांगते. आईबापांनी दिवसभर आपल्याभोवती असावं असा मुलांचा हट्ट नसतो. असाल तेव्हा पूर्ण हजर असा, नसाल तेव्हा उघड गैरहजर असा, एवढं त्यांना पुरतं. त्यांना सोसत नाही ते अधलंमधलं: शरीर सोफ्यावर आणि मन भलत्याच राज्यात. आणि सहलीला निघालं की हे अधलंमधलं असणं सगळ्यांत जास्त उघडं पडतं.

एक उदाहरण बघा. नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस मूळचे बेलफास्टचे. जन्म १८९८चा. वडील सॉलिसिटर. उन्हाळ्यात आई दोन्ही मुलांना घेऊन उत्तर किनाऱ्यावर कॅसलरॉकसारख्या ठिकाणी जाऊन राहायची. वडील बहुतेक काळ बेलफास्टलाच, कामात. अधूनमधून धावती भेट द्यायला येत. थोरल्या भावाने, वॉरनने, म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत या भेटींचं चित्र आहे: हात खिशात, नजर खाली, वडील वाळूत येरझाऱ्या घालताहेत, मोठ्ठी जांभई देताहेत आणि खिशातलं घड्याळ काढून बघताहेत. या आठवणी छापून आल्या १९६६ मध्ये, म्हणजे त्या सुट्ट्यांना पन्नासहून जास्त वर्षं उलटल्यावर. समुद्र, वाळू, भरती-ओहोटी या सगळ्यासोबत वडिलांचं घड्याळही मुलाच्या मनात राहिलं.

गंमत अशी, की हेच वडील आठवडाभर ऑफिसात असायचे त्याबद्दल मुलांची तक्रार नव्हती. बेलफास्टचा पाऊस आणि क्षयाची भीती, यामुळे मुलांना पावसात बाहेर सोडत नसत. घर पुस्तकांनी भरलेलं, हाताशी कागद, पेन्सिली, रंगपेट्या. त्यातून या दोघा भावांनी 'बॉक्सन' नावाचा बोलक्या प्राण्यांचा आख्खा देश तयार केला, त्याचे नकाशे काढले, इतिहास लिहिला. वडील उघडपणे कामावर गेलेले असायचे, तेव्हा मुलांना त्यांचं राज्य मिळालं. आई १९०८ मध्ये कॅन्सरने गेली, तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता, आणि त्या घरातलं सुख तिथेच संपलं. पण बालपणाचा तो पहिला भाग नीट बघितला, तर आईबापांच्या नुसत्या गैरहजेरीने मुलं वाळत नाहीत, हे कळतं.

दुसरं उदाहरण ऑस्कर वाइल्डचं. डब्लिनमध्ये जन्म, १८५४. लंडनच्या बैठकांमध्ये ज्याच्या एकेका वाक्यावर लोक फिदा व्हायचे, तो माणूस घरी आला की मुलांच्या खोलीत हातापायांवर रांगत सिंह व्हायचा, लांडगा व्हायचा, अंगातल्या उंची कपड्यांची पर्वा न करता. त्याचा धाकटा मुलगा व्हिव्हियन याने १९५४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे सांगितलं आहे. त्यातच लॉख कॉरिब या पश्चिमेकडच्या सरोवराची गोष्ट आहे. वाइल्डच्या वडिलांनी त्या सरोवराकाठी मोयटुरा नावाचं घर बांधलं होतं. वाइल्ड मुलांना सांगायचा की त्या पाण्याच्या तळाशी मोठाले उदास मासे राहतात, आणि मी आयरिश गाणी म्हटली तरच ते वर येतात. एकदा तुम्हाला तिथे नेईन, असंही सांगायचा. पुढे १८९५ मध्ये खटला झाला, तुरुंगवास झाला, मुलांना देशाबाहेर नेलं गेलं, आडनावही बदललं. बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. ती सहल राहूनच गेली.

आपल्यापैकी कोणावर तसा प्रसंग येवो न येवो, 'एकदा जाऊ या' हे वाक्य मात्र सगळ्या घरांत एकसारखं आहे. 'हे पुस्तक संपलं की जाऊ.' पुस्तक संपतं, मग संपादकांच्या दुरुस्त्या येतात, मग प्रुफं येतात, मग पुढच्या पुस्तकाचा करार होतो. लेखकाचं काम संपत नसतं. म्हणून सहलीला कामाच्या शेपटीला बांधू नका. तिची तारीख वेगळी ठरवा, जवळची जागा धरा आणि निघा. लॉख कॉरिब दूर असेल तर घरामागचं तळं चालेल. डब्लिनमध्ये वाइल्डच्या बालपणीच्या घरासमोरच मेरियन स्क्वेअरची बाग आहे. तिथे त्याच्या स्वार्थी राक्षसाच्या गोष्टीवर बेतलेलं मुलांचं खेळाचं मैदान आहे. डार्टच्या लोकल गाडीने जायचं, घसरगुंडी खेळायची, नाइन्टी-नाइन आइस्क्रीम खायचं आणि परत यायचं. तिकिटांपलीकडे खर्च तो आइस्क्रीमचाच.

आता कामाच्या वेळेबद्दल. इथल्या प्राथमिक शाळा दुपारी अडीचच्या सुमारास सुटतात, सर्वांत लहान वर्ग तर तासभर आधीच. जुलै-ऑगस्ट पूर्ण सुट्टी. ऑक्टोबरअखेर आठवडाभर मिडटर्म, फेब्रुवारीत पुन्हा सुट्टी, नाताळ, ईस्टर. म्हणजे लेखिका-आईच्या हाती खरा वेळ किती, हे तुम्हीच बघा. इथल्या घरांत जिन्याच्या वर एक इवलीशी खोली असते, तिला सगळे बॉक्स रूम म्हणतात. पलंग टाकला तर टेबल मावत नाही आणि टेबल टाकलं तर खुर्ची मागे सरकत नाही. आमच्याकडे तिथे मी बसते. दाराला थोरलीने रंगवलेली पुठ्ठ्याची पाटी आहे. एका बाजूला झोपलेला ड्रॅगन, दुसऱ्या बाजूला जागा. ड्रॅगन जागा असला की आई नाही. रक्त आलं, आग लागली किंवा आजीचा फोन आला, तरच दार वाजवायचं. हे तीन अपवाद मुलांनीच ठरवले, म्हणून मुलंच पाळतात. आणि ड्रॅगन झोपला की मी खाली येते ती पूर्ण येते, फोन वर ठेवून.

पाटीचा फायदा मला जितका झाला तितकाच मुलांना. आई घरात आहे पण आत्ता नाही, हे त्यांना पाटी बघून कळतं. माझा चेहरा वाचत बसावं लागत नाही. मुलं दिवसभर आपले चेहरे वाचत असतात हो. आई चिडलीय, की विचारात आहे, की माझ्यामुळे गप्प आहे? विचारात असलेल्या माणसाचा चेहरा रागावल्यासारखाच दिसतो, आणि लहान मूल त्याचं कारण स्वतःकडे ओढून घेतं. पाटी हे ओझं उचलते.

दुसरी गोष्ट, दाराआड आपण काय करतो ते मुलांना दाखवा. बाबा ऑफिसात जातात म्हणजे काम करतात, आणि आई खिडकीतून बाहेर बघत बसते म्हणजे काम करते, यातलं दुसरं पटायला अवघड आहे. मोठ्यांनाही अवघड आहे. सासूबाई उन्हाळ्यात तीन महिने राहायला येतात. पहिल्या वेळी त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं होतं, 'दिवसभर घरातच तर असतेस, मग ही मुलं शाळेनंतरच्या क्लबला कशाला?' मी त्यांना खोडाखोड केलेली पानं दाखवली. लाल शाई बघून त्या म्हणाल्या, 'बाई गं, शाळेत मास्तर मारायचे त्यापेक्षा वाईट.' तेव्हापासून दुपारी माझ्या दारात चहाचा कप येतो आणि दार न वाजवता कप ठेवून त्या जातात.

मुलांना हे दाखवायला इथे चांगल्या जागाही आहेत. कादंबरीकार रॉडी डॉइल आणि शॉन लव्ह यांनी २००९ मध्ये डब्लिनमध्ये 'फायटिंग वर्ड्स' नावाचं लेखनकेंद्र सुरू केलं. शाळेची मुलं तिथे येतात, सगळी मिळून गोष्टीची सुरुवात रचतात, आणि ऐन मोक्यावर गोष्ट थांबते. पुढचं ज्याचं त्याने लिहायचं. शेवटी प्रत्येक मूल आपली गोष्ट पुस्तकाच्या रूपात घरी नेतं. अशी गोष्ट स्वतः संपवून बघितलेलं मूल पुन्हा कधी विचारत नाही, की आई तू नुसती बसून काय करतेस.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलू या, कारण लेखनाला घरात मान मिळतो की नाही याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. आयर्लंडने १९६९ मध्ये लेखक-कलावंतांच्या कलेतून आलेल्या उत्पन्नाला प्राप्तिकरात सूट दिली. आज ती सूट वर्षाला पन्नास हजार युरोपर्यंत आहे. त्यानंतर २०२२ मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी योजना प्रायोगिक म्हणून सुरू झाली. सूट मिळायला आधी उत्पन्न लागतं, आणि योजनेत सगळे बसत नाहीत, हे खरंच. पण एका देशाच्या सरकारने अधिकृतपणे मान्य केलं, की गोष्ट रचणं हे काम आहे. सरकारला जे पटलं ते घरच्यांना पटायला हरकत नसावी.

त्या करसवलतीच्या दुसऱ्याच वर्षी, १९७० मध्ये, अ‍ॅन मॅककॅफ्री अमेरिकेतून इथे आली. ड्रॅगनांच्या कादंबऱ्या लिहिणारी ही बाई. कथालेखनासाठी ह्यूगो पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री, १९६८ची. संसार मोडलेला, पदरी शाळकरी मुलं, म्हातारी आईही सोबतीला, आणि पुढची काही वर्षं पैशाची चणचण. पुस्तकं विकली जाऊ लागल्यावर तिने पुढे आमच्याच विकलोमध्ये, न्यूकॅसलजवळ, टेकडीच्या उतारात घर बांधलं. घोडे पाळले. २०११ मध्ये तिथेच वारली. आईच्या टंकलेखन यंत्राशेजारी वाढलेला तिचा मुलगा टॉड मोठेपणी आईचा सहलेखक झाला. दोघांच्या नावावरचं पहिलं पुस्तक २००३ मध्ये आलं. लेखकांच्या सगळ्याच मुलांनी लेखक व्हावं असं मी म्हणत नाही, देव न करो. पण आईचं काम हे मुलांच्या आयुष्यावरचं अतिक्रमण न वाटता घरचा धंदा वाटू शकतं, याला हे घर साक्ष आहे. तसंच वेक्सफर्डचे ओवन कोल्फर. 'आर्टेमिस फाउल' २००१ मध्ये गाजेपर्यंत ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दिवसभर वर्गात मुलं, घरी मुलगा, आणि उरलेल्या वेळात पाताळातल्या पऱ्यांचे पोलीस. वेळ कोणालाच मिळत नसतो, तो कुंपण घालून राखावा लागतो.

आता सहलींकडे येते, कारण खरी कसोटी तिथे आहे. आयर्लंड हा अद्भुतकथा लिहिणाऱ्यासाठी फार धोक्याचा देश आहे. इथे कुठेही जा, दगडाला गोष्ट आहे, तळ्याला गोष्ट आहे, शेताच्या मधोमध एकट्या उभ्या हॉथॉर्नच्या झुडपालाही गोष्ट आहे. ते झुडूप पऱ्यांचं, तोडायचं नाही. क्लेअर काउंटीत लाटून इथे १९९९ मध्ये महामार्गाच्या आड असंच एक झुडूप आलं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला, आणि रस्त्याची आखणी झुडूप वाचवून झाली. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना काडीचं आश्चर्य वाटलं नाही. त्या सिंधुदुर्गातल्या. गावच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा त्यांनी कधी चुलीला लावली नाही. उलट त्यांनीच मुलांना राखणदाराच्या गोष्टी सांगितल्या, रात्री कोणी काठी आपटत गावाच्या सीमेवरून फिरतो त्या. मी बाजूला बसून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात पुढच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण तयार होत होतं. नेमका तोच धोका.

सहलीला गेलेला लेखक समोरचं बघतच नाही, तो त्याचा उपयोग बघतो. हा बुरूज घेता येईल, ही वाट वापरता येईल, हा वास लिहून ठेवायला हवा. मूल हात धरून ओढत असतं आणि आपण फोनवर टिपण करत असतो. त्यापेक्षा लुईसच्या वडिलांचं घड्याळ परवडलं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: वही काढायची तर सगळ्यांनी काढायची. मुलं चित्र काढत असतील तर आईने लिहावं. मुलं पाण्यात दगड मारत असतील तर आईनेही दगड मारावा.

या नियमाचा उत्तम दाखला किलकेनीच्या 'कार्टून सलून' या चित्रपटसंस्थेतला आहे. तिथले दिग्दर्शक टॉम मूर आपल्या लहान मुलाला घेऊन केरीच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेले होते. बापलेक किनाऱ्यावर चित्रं काढत होते. तिथे त्यांना मारून टाकलेले सील दिसले. मुलगा हादरला. ज्या बाईच्या घरी ते उतरले होते ती म्हणाली, की पूर्वीच्या काळी असं झालं नसतं, लोक सीलना माणसांचे आत्मे मानायचे. त्यातून 'साँग ऑफ द सी' हा चित्रपट उभा राहिला, २०१४चा, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला. कथा शोधायला म्हणून ते गेले नव्हते, मुलासोबत गेले होते. मुलाला काय वाटलं याकडे त्यांचं लक्ष होतं, म्हणून ती गोष्ट त्यांच्या हाती लागली.

आम्हाला सर्वांत जवळचं ग्लेंडालॉख. दरीत दोन तळी, सहाव्या शतकातल्या संत केविनने वसवलेला मठ, आणि तीसएक मीटर उंचीचा गोल मनोरा, ज्याचं दार जमिनीपासून वर, शिडी लावावी लागेल इतकं. मुलांना त्या दाराचं भारी कौतुक. वरच्या तळ्याकाठी भर वाऱ्यात आम्ही पोळीच्या गुंडाळ्या खात बसलो होतो. बटाट्याची भाजी, थर्मासमधला आल्याचा चहा, आणि अंगावर रेनकोट, कारण इथे ऊन असलं तरी तो काढायचा नसतो. मी केविनची गोष्ट सांगत होते: तो प्रार्थनेला बसला, हात खिडकीबाहेर पसरलेले, एका काळ्या पक्ष्याने येऊन तळहातावर अंडं घातलं, आणि पिल्लू उडेपर्यंत त्याने हात हलवला नाही. मला ती गोष्ट थोर वाटते. संयम, करुणा, वगैरे. धाकट्याने गुंडाळी खाली ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, 'पण त्याला शू लागली असेल तर?' थोरली म्हणाली, 'आणि नाकाला खाज सुटली तर?' मग पुढचा तासभर आम्ही तिघं केविनच्या अडचणी मोजत होतो. नवऱ्याने हात पसरून प्रत्यक्ष उभं राहून बघितलं, दोन मिनिटांत दंड भरून आले. थोरलीने त्याच्या तळहातावर उकडलेलं अंडं ठेवलं होतं, ते गडगडत तळ्यात गेलं. या सहलीची आठवण मुलं अजून काढतात. मी टिपण केलं असतं तर माझ्या वहीत संयम आणि करुणा आली असती, शू आली नसती. आणि गोष्टीत जीव असतो तो त्या शूमध्ये.

तर मुलांना गोष्ट सांगा, पण पूर्ण करू नका. उत्तरेला जायंट्स कॉजवेला चाळीस हजारांच्या घरात षटकोनी वाटणारे बसाल्टचे खांब आहेत. लाव्हा थिजताना आकसला, तडे गेले, खांब झाले, हे शास्त्र. आणि फिन मॅककूल राक्षसाने स्कॉटलंडच्या राक्षसाशी लढायला समुद्रावरून बांधलेली वाट, ही दंतकथा. दोन्ही सांगा, भांडण लावू नका. त्या दंतकथेत फिनची बायको नवऱ्यालाच बाळाचे कपडे घालून पाळण्यात झोपवते, आणि बाळच एवढं तर बाप केवढा, म्हणून पलीकडचा राक्षस पळून जातो. आमच्याकडे पाळण्यातला फिन व्हायची पाळी नेहमी बाबाची. जाताजाता आपल्या लोकांसाठी एक सूचना: कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत येतो. वाटेत कोणी अडवत नाही, पण भारतीय पासपोर्ट असेल तर सहसा ब्रिटनचा व्हिसा लागतो. आधी कागद बघा, मग मुलांना शब्द द्या.

आणखी एक युक्ती, जी पालक म्हणून मला फार आवडते. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकवाङ्मय आयोगाने शाळकरी मुलांना एक काम दिलं: घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि गावच्या गोष्टी, औषधं, खेळ, भुतं, जे काही सांगतील ते लिहून आणा. सुमारे पाच हजार शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी ते केलं. जमलेली पानं सात लाखांहून जास्त. आता ती इंटरनेटवर कोणालाही वाचता येतात, गावाच्या नावाने शोधता येतात. सहलीला निघण्याआधी आदल्या रात्री आम्ही त्या गावचं एखादं पान काढतो. लहान मुलाचं अक्षर, वरती शाळेचं नाव, खाली गोष्ट सांगणाऱ्याचं नाव आणि वय. मग तिथे पोहोचल्यावर मुलं गाईड असतात आणि मी ऐकणारी. हे काम महाराष्ट्रातही कोणत्याही घरात होऊ शकतं. आजी-आजोबा आहेत, वही आहे, मुलाच्या हाती फोनही आहे. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलात तर करून बघा.

ऑक्टोबरबद्दल थोडं सांगायलाच हवं. भुताखेतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांचा तो सुगीचा महिना. हॅलोविनचं मूळच इथल्या सावन या जुन्या सणात. शाळा आणि ग्रंथालयं लेखकांना बोलावतात, चार पैसे मिळायचा तोच काळ. त्याच सुमारास मुलांना मिडटर्मची सुट्टी, आणि बऱ्याचदा त्याच दिवसांत आपली दिवाळी. दाराबाहेर कोरलेला भोपळा, शेजारी पणती, आत चकल्यांचा घाणा आणि बार्मब्रॅक केकच्या तुकड्यात अंगठी कोणाला मिळते याचं भांडण. असा महिना आला की समतोल वगैरे शब्द बाजूला ठेवावेत. एक-दोन आठवडे तराजू कलणारच. आम्ही स्वयंपाकघरात महिन्याचं कॅलेंडर लावतो, त्यात आईचे कार्यक्रम आणि मुलांचे दिवस वेगवेगळ्या रंगांनी रंगवतो. मुलांच्या रंगाच्या दिवशी निमंत्रण आलं तर नम्रपणे नाही म्हणते. संयोजक रागावत नाहीत, हा अनुभव आहे. त्यांनाही मुलं असतात.

आणि जोडीदाराशी बोला. दाराबाहेर कोणी उभं असेल तरच दाराआड लिहिता येतं. आमच्याकडे शनिवारची सकाळ बाबाची. त्याने मुलांना पोहायला न्यावं, केस विंचरलेले नसले तरी चालेल, आणि मी त्यावर काही बोलू नये. हे न बोलणं मला लिहिण्यापेक्षा अवघड जातं, तरी पाळते. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना हा आधार नसतो. त्यांनी आजी, शेजारीण, मुलाच्या मित्राची आई, ज्यांच्याकडे हक्काने मूल सोडता येईल अशी दोन घरं तरी जोडून ठेवावीत, आणि त्यांची मुलं आपणही सांभाळावीत.

लिहिणाऱ्या आईबापांना शेवटचं एक सांगते. मुलांच्या गोष्टी, त्यांची बोबडी वाक्यं, त्यांची भीती, हा आपल्या हाताशी असलेला फुकटचा कच्चा माल नाही. वापरायचं असेल तर विचारा. केविनच्या शूची हकीकत इथे लिहू का, असं मी विचारलं. धाकट्याने परवानगी दिली, त्या बदल्यात एक आइस्क्रीम ठरलं. थोरलीची एक फार सुंदर गोष्ट माझ्याकडे आहे. तिने नाही म्हटलं, म्हणून ती इथे नाही.

तेव्हा या शनिवारी किंवा रविवारी एवढं करा. सकाळी मुलांना समोर बसवा आणि सांगा, 'मी चार वाजेपर्यंत नाही. चारनंतर तुमची.' मग दार लावून मनापासून काम करा, जराही अपराधी वाटून घेऊ नका. आणि चार वाजता वाक्य अर्धं राहिलं तरी तसंच टाकून, फोन ठेवून, बाहेर या. अर्धं वाक्य सोमवारी पूर्ण होतं.